चेहरा निवळू द्या

माझ्या कपाळावर भस्म टिकत नसे. सकाळी अंघोळ झाली की अण्णा आम्हा दोघा भावंडांना देवघरासमोर बसवून भस्माचे तीन पट्टे ओढायचे, आधी मला, मग धाकट्याला. शाळेत दुसरा तास सुरू व्हायच्या आत माझे पट्टे ओलसर करडे होऊन भुवयांकडे सरकलेले असत. परळीत औष्णिक वीज केंद्रामुळे राखेला तोटा नाही. रस्त्याने राखेचे टिप्पर गेले की जे उडतं ते सगळ्यांच्याच अंगावर बसतं. पण मैत्रिणी रुमालाने तोंड पुसून मोकळ्या व्हायच्या आणि माझ्या रुमालावर काळपट तेलाचा डाग उमटायचा. आठवीपासून हे सुरू झालं आणि नववीत त्या तेलावर पुटकुळ्या आल्या. आधी कपाळावर, मग गालांवर, हनुवटीवर.

आमचं भांड्यांचं दुकान होतं, त्यामुळे वर्गातल्या पोरांना नाव शोधायला लांब जावं लागलं नाही. मला 'कढई' म्हणायचे. "कढई आली बे, सरका, डाग पडतील." एकदा मास्तरही हसले. लगेच फळ्याकडे तोंड करून त्यांनी ते हसू लपवलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

घरी आईने माझा चेहरा स्वतःचं काम म्हणून अंगावर घेतला. ती म्हणायची, "पोरीचं तोंड बघतेत आधी. मार्कशीट मागून." मग बेसन झालं, मुलतानी माती झाली, लिंबाच्या फोडी झाल्या, कडुनिंबाचा पाला उकळून त्याचं हिरवं पाणी झालं. धर्मापुरीची तिची मावशी जे सांगेल ते माझ्या तोंडावर लागायचं. लिंबाने पुटकुळ्या चरचरायच्या. मी हात झटकले की आई मनगट धरायची. "सोस जरा. तुझ्यासाठीच करतीय ना मी?"

शेंगदाणे बंद झाले, आंबा बंद झाला. घरात भजी तळली की माझ्या ताटात वरण-भात यायचा. समोर बसून भाऊ भजी खायचा. तोवर त्यालाही मिसरूड फुटलं होतं आणि त्याचे गाल माझ्यापेक्षा वाईट झाले होते. मोठाल्या लाल गाठी, फोडून फोडून खड्डे पडलेले.

"मला कावून न्हाई?" मी विचारलं.

"तुला पुटकुळ्या येतेत."

"त्याला बी येतेत की."

"त्यो वयात आलाय," आई म्हणाली आणि झाऱ्याने आणखी दोन भजी त्याच्या ताटात टाकली.

भावाला काही वाटलं नाही. त्याला खरंच काही दिसलं नसावं. मला आजही तो प्रसंग भावाचा म्हणून आठवत नाही, आईच्या हाताचा म्हणून आठवतो. किती सहज गेला तो हात त्याच्या ताटाकडे.

दहावीच्या सुट्टीत मी एक दिवस मोरीत दार लावून भांडी घासायच्या पावडरने तोंड धुतलं. दुकानात ती पोत्याने असायची. अण्णा गिऱ्हाइकाला तळणाची काळी कढई घासून दाखवायचे आणि ती क्षणात लखलखीत व्हायची, हे मी लहानपणापासून बघत होते. मला वाटलं, इतकं तेल जातं तर माझं का जाणार नाही. पहिल्यांदा बरं वाटलं, चेहरा ताणल्यासारखा कोरडा झाला. संध्याकाळपर्यंत गालांची सालं निघाली. आईने बघितलं आणि डोक्याला हात लावून उंबऱ्यात बसली. "आता ह्ये डाग कोण काढणार गं?" ती रडायला लागली. मीच तिची समजूत काढली. आग माझ्या गालांची होत होती आणि पाण्याचा तांब्या मी तिच्या हातात देत होते.

पुढे मी बी.ए. केलं. शेवटच्या वर्षाला असतानाच बघायला येणं सुरू झालं. पहिले पाहुणे आले ते पोहे खाऊन गेले आणि मध्यस्थाकडून निरोप आला की मुलगी गुणाची आहे, पण मुलाला जरा नितळ हवी. दुसऱ्यांनी निरोपही दिला नाही. तिसऱ्या वेळी मुलाची आई माझ्या समोरच आईला म्हणाली, "तोंडावर काय झालंय हिच्या? घरात कुणाला हाय का असं?" भाऊ त्या वेळी शेजारच्या खोलीत होता. आईने त्याला बाहेर येऊ दिलं नाही.

त्यानंतर आठवड्याभराने आईने ती ट्यूब आणली. बाजारातल्या मेडिकलवाल्याने दिली होती. मेडिकलवाला अण्णांच्या ओळखीचा, आमच्याच समाजाचा, लग्नकार्यात पंगतीला शेजारी बसणारा. चिठ्ठी कुणी मागितली नाही. "रात्री पातळ लावायची, सकाळी धुवायची, एवढंच म्हणलाय," आईने सांगितलं.

थोड्याच दिवसांत माझा चेहरा बदलला. तो बदल मी नाकारणार नाही. पुटकुळ्या सुकल्या, डाग फिकट झाले, तेल कमी झालं, रंग उजळला. कॉलेजात ज्या मुलींनी कधी माझ्याकडे वळून पाहिलं नव्हतं त्या विचारायला लागल्या, काय लावतेस? मी आरशासमोर उभी राहायचे आणि गाल बोटाने दाबून बघायचे. आई मागून यायची, माझ्या हनुवटीला हात लावून चेहरा वळवून बघायची आणि कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढायची. त्या दिवसांत ती मला फार लाडाने वागवायची. आता आठवलं की त्या लाडाचाच राग येतो. तो आधी का नव्हता?

आष्टीचं स्थळ त्याच चेहऱ्यावर जमलं. कापडाचं दुकान, एकुलता मुलगा, शांत स्वभाव. माझ्या सासूबाई बघायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "फोटोपेक्षा उजळ हाय पोरगी." लग्नाच्या आदल्या दिवशी आईने माझ्या बॅगेत साड्यांच्या खाली रुमालात गुंडाळून ट्यूबा ठेवल्या आणि म्हणाली, "संपत आल्या की सांग. पाठवून देते. तिथं कुणाला दाखवू नको."

आष्टी म्हणजे आमच्या बीड जिल्ह्याचं दुसरं टोक. परळीहून निघालं की सगळा जिल्हा ओलांडून जावं लागतं. कोरडी हवा, वारा, बारीक धूळ. दुकान खाली, घर वर. नवरा खरंच शांत होता, कधी आवाज चढवायचा नाही. संध्याकाळी दुकान बंद करून वर आला की म्हणायचा, "तू लई नितळ हायेस गं," आणि मला आनंद व्हायचा. मी ट्यूब पेटीत ठेवायचे आणि तो झोपला की लावायचे. भाऊ वर्षातून दोन-तीनदा यायचा, त्याच्या हाती आई डब्यात शेंगाच्या चटणीबरोबर नव्या ट्यूबा पाठवायची.

दोन वर्षं बरी गेली. मग उन्हात गेलं की गाल पेटायला लागले. गॅससमोर भाकरी करताना चेहऱ्यावर मिरची चोळल्यासारखं व्हायचं. गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, जावळासारखी लव वाढली. एखाद्या दिवशी ट्यूब लावायची राहिली तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खाज सुटायची. मी आईला फोन केला. ती म्हणाली, "मग चुकवू नको ना लावायची."

मला दिवस गेले आणि रिवाजाप्रमाणे सातव्या महिन्यात मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. नाव अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात घातलं होतं. तिथे तपासणाऱ्या बाईंनी पोट तपासलं आणि मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "त्वचेच्या विभागात दाखवून या आधी." आई बाहेर बाकावर बसली. मी एकटीच आत गेले.

त्वचेची डॉक्टर माझ्याच वयाची असेल. तिने मला खिडकीकडे तोंड करून बसवलं.

"काय लावता?"

मी सांगितलं.

"कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून."

"कुणी लिहून दिली?"

"आईने आणली. मेडिकलमधून."

ती चिडली नाही. तिला हे रोजचं असावं. ती म्हणाली, "यात स्टेरॉईड असतं. ते पुरळ दाबून ठेवतं आणि कातडी पातळ करत जातं. तुमचा हा रंग खरा नाही. आता बंद करायची. बंद केलीत की चेहरा पेटेल, सुजेल, पुन्हा फोड येतील. काही महिने जातील. घाबरून परत लावलीत तर सगळं पहिल्यापासून. गरोदर आहात, त्यामुळे मला औषधंही फार देता येणार नाहीत. गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा, मी देते ते साधं मलम लावा, ऊन टाळा."

"आणि तेल? मला लहानपणापासून तेल सुटतं."

"सुटू द्या की. तेलकट त्वचा हा आजार नाही. सौम्य फेसवॉशने दिवसातून दोनदा धुवायचं, घासायचं नाही. पुटकुळ्या जास्त आल्या तर त्याला औषधं आहेत, बाळंतपणानंतर देऊ. कोरडी करायला जाऊ नका, ती आणखी तेल सोडते."

एवढंच होतं. दोनदा धुवायचं, घासायचं नाही. बाहेर येऊन मी बाकावर आईच्या शेजारी बसले आणि मला इतका संताप आला की पोटातल्या बाळाने लाथ मारली तीही मला रागाचीच वाटली. परळी-अंबाजोगाई हा तासाभराचा रस्ता. आम्ही त्या रस्त्याने लग्नांना गेलो, देवीला गेलो, साड्या घ्यायला गेलो. माझ्या चेहऱ्यासाठी कुणी एकदाही गेलं नव्हतं.

आईला मी सगळं सांगितलं. घरी आल्यावर ती म्हणाली, "डॉक्टर लोक घाबरवतेत. बाळंतपण होऊ दे, मग बघू."

मी त्या दिवसापासून ट्यूब बंद केली. चौथ्या-पाचव्या दिवशी चेहरा पेटला. पेटला हा डॉक्टरीणबाईंचाच शब्द, दुसरा मला सापडत नाही. पापण्या सुजल्या, गाल टोमॅटोसारखे लाल, हनुवटीवर पिवळ्या तोंडाचे फोड. उशीला गाल टेकवता येईना. मी माठातलं पाणी घेऊन फडकी भिजवायचे, तोंडावर ठेवायचे आणि ती निमिषात कोमट व्हायची. आई माझे पाय चेपायची, डिंकाचे लाडू करून ठेवायची, दृष्ट काढायची. आणि दर दोन दिवसांनी म्हणायची, "थोडीशी लाव. नखाएवढी."

त्याच दिवसांत मी एकदा त्या मेडिकलमध्ये गेले. ओढणीने तोंड बांधलं होतं. दुकानात गेल्यावर ती सोडली आणि म्हणाले, "काका, ह्ये बघा."

त्यांनी बघितलं. चष्मा वर केला, परत खाली केला. "तुमी इतके दिवस लावत होतात? मी तर थोडे दिवस म्हणून दिलती."

"मग इतकी वर्षं देत कावून राहिलात?"

"तुमच्या आईच न्यायच्या, ताई. मी न्हाई म्हणलं असतं तर पलीकडच्या दुकानातून नेली असती." त्यांचा आवाज अगदी समजूतदार होता. "सगळेच मागतेत. मी काय घरोघर जाऊन लावत न्हाई."

आम्ही बोलत असताना एक बाई मुलीला घेऊन आली. मुलगी दहावी-अकरावीची असेल, कपाळभर पुटकुळ्या, केस पुढे ओढून घेतलेले. बाईने नाव नाही घेतलं, नुसता ट्यूबचा रंग सांगितला. मी तिच्याकडे वळले. "बाई, ती नेऊ नका. माझं तोंड बघा, त्यानंच झालंय. अंबाजोगाईला न्या हिला, फुकट बघतेत."

मुलीने माझ्याकडे बघितलं आणि ती एक पाऊल मागे सरकली. बाईने तिला दंडाला धरून आपल्याकडे ओढलं, जणू मला झालेलं उडून तिच्यावर बसेल. "हिचं काही इतकं न्हाई," ती म्हणाली. काकांनी ट्यूब कागदी पाकिटात घालून दिली. माझ्या समोर. त्या दोघी पायऱ्या उतरून गेल्या. मी पुन्हा ओढणी बांधली.

मला मुलगी झाली. साधं, सुखरूप बाळंतपण झालं आणि दोन आठवडे मी माझा चेहरा विसरले. मग बारसं ठरलं आणि आष्टीची माणसं येणार म्हणून आईने घरात आवराआवर सुरू केली. आदल्या दिवशी दुपारी मी बाळाला पाजत होते. आई येऊन पलंगावर टेकली. तिच्या मुठीत ट्यूब होती.

"आज आन् उद्या. दोनच दिवस. उद्या लाली तरी दिसणार न्हाई."

"न्हाई."

"सासरची माणसं हायत. काय सांगू मी त्यांना?"

"खरं सांग. तू आणलेल्या औषधानं झालं म्हण."

आईचं तोंड एकदम लहान झालं. "मी तुझं वाटोळं केलं का? त्या चेहऱ्यावर लग्न झालं तुझं. न्हाईतर बसली असतीस अजून."

"बसले असते."

ती उठून गेली. तिने ती ट्यूब कुठे ठेवली मला माहीत नाही, मी विचारलं नाही.

बारशाला सासूबाई आत आल्या, बाळाला घेतलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. पदर मी मुद्दाम मागे घेतला होता. मग आईकडे वळून म्हणाल्या, "ह्ये काय झालं?"

"उष्णता," आई म्हणाली. "बाळंतपणाची उष्णता हाय. उतरंल."

मी सासूबाईंना म्हणाले, "उष्णता न्हाई, आत्या. मी एक क्रीम लावत होते, ती बंद केलीय. डॉक्टर म्हणलेत काही महिने लागतील."

पाळण्याला बांधलेली घुंगरं कुणाचा तरी हात लागून वाजली. सासूबाईंनी विचारलं, "म्हंजे आमी बघितलेला चेहरा क्रीमचा होता?"

मी 'हो' म्हणाले.

नवरा बाहेर पुरुषांत बसला होता. जेवणं झाल्यावर तो आत आला, बाळाच्या मुठीत बोट घातलं, मला म्हणाला, "दुखतं का?" मला त्या प्रश्नाने बरं वाटलं होतं. मी 'हो, रात्री जास्त' म्हणाले. तो मान हलवून बाहेर गेला. तासाभराने अण्णा आत आले. कसं सांगावं त्यांना कळत नव्हतं, ते दाराच्या कडीशी चाळा करत राहिले. "त्यांचं म्हणणं असं की," ते म्हणाले, "तिकडं दुकानात सारखी माणसं येतेत, पाहुणे येतेत. चेहरा निवळू द्या. निवळला की नेऊ म्हणतेत."

बाळंतीण सव्वा महिन्याने सासरी जायची. मी पाच-सहा महिने राहिले. शेजारच्या बायका विचारायच्या, अजून इथंच? आई सांगायची, बाळ लहान हाय, आष्टीचं पाणी सोसायचं न्हाई.

नवरा दर रविवारी फोन करायचा. आधी बाळाचं विचारायचा. मग थोडा थांबून म्हणायचा, "आता कसं हाय?" ते माझ्याबद्दल असायचं. पुढे म्हणाला, "फोटो पाठव ना, आईला दाखवतो." मी दाराच्या उजेडात उभी राहून स्वतःचा फोटो काढायचे आणि पाठवायचे. पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा उमटायच्या. बऱ्याच वेळाने उत्तर यायचं, "थोडा फरक हाय." पुढच्या वेळी, "अजून लाल वाटतंय. उजेडामुळं असंल." एकदा बाळ पहिल्यांदा पालथं पडलं त्याचा व्हिडिओ मी पाठवला. त्याने लिहिलं, "छान. तुझा पण एक पाठव." मी पाठवला. मी पाठवत होते. केस नीट विंचरून पाठवत होते.

त्या हिवाळ्यात भावासाठी मुली बघणं चालू झालं. भाऊ तोवर दुकान सांभाळू लागला होता. त्याचे गाल तसेच होते, खड्ड्याखड्ड्यांचे, दाढी वाढवली तरी दिसायचे. घरात त्या गालांचा उल्लेख नसायचा. एका रविवारी आई, अण्णा आणि तो एका गावी मुलगी बघायला गेले. मला यायला सांगितलं नाही. आईने जाताना एवढंच म्हटलं, "तू बाळाजवळ थांब. उगंच लोक विचारतेत."

संध्याकाळच्या आत ते परत आले. मी ओसरीत बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. आईने चपला काढल्या, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि भिंतीला टेकून बसत म्हणाली, "घर चांगलं हाय. पोरगी शिकलेली, बोलायला गोड. पण तोंडावर पुटकुळ्या हायत लई. वरून पावडर चोपडलीती, तरी दिसत होत्या. न्हाई म्हणून कळवायला सांगितलं."

ती हे माझ्याकडे बघून बोलत होती. माझ्या चेहऱ्याकडे. आणि तिला काही जाणवत नव्हतं. मी भावाकडे बघितलं. तो मोबाईल चार्जिंगला लावत होता.

"तुला काय वाटलं रे?" मी विचारलं.

"काय न्हाई. आईला न्हाई पटली."

"तुझं तोंड बघितलं का तिनं?"

"म्हंजे?" तो खरोखर गोंधळला.

अण्णा म्हणाले, "जाऊ दे ना, बाई."

मी ओरडले नाही. मला वाटत होतं की मी ओरडेन. मी बाळाला उचललं, आत गेले आणि पिशवी भरायला घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी बीडची गाडी पकडली. आई स्टँडपर्यंत मागे आली, "फोन तरी कर आधी त्यांना, असं कसं जातीस," म्हणत राहिली. मी फोन केला नाही. बीडला गाडी बदलली. आष्टीला उतरले तेव्हा ऊन होतं आणि बाजाराचा दिवस होता. ऊसतोडीला जाणारी मंडळी बोचकी बांधून स्टँडवर बसली होती. त्यातल्या एका बाईने सरकून मला पिशवी टेकवायला जागा दिली आणि बाळाकडे बघून हसली. माझा चेहरा बघून तिने न बघितल्यासारखं केलं नाही, तिला त्यात बघण्यासारखं काही वाटलंच नाही. मी तोंडाला ओढणी न बांधता बाजारातून चालत गेले. दुकानात गिऱ्हाईक होतं. नवऱ्याने कापड मोजता मोजता वर पाहिलं आणि त्याचा हात थांबला.

"कुणाबरोबर आलीस?"

"हिच्याबरोबर," मी बाळाकडे बोट दाखवलं आणि जिना चढून वर गेले.

सासूबाई म्हणाल्या, "निवळला न्हाई की अजून."

"न्हाई निवळला. पण आमचं घर ह्येच हाय ना?"

त्यांनी बाळ घेतलं. मला आत यायला त्यांनी सांगितलं नाही आणि अडवलंही नाही. मी आत जाऊन हात-पाय धुतले आणि भाजी निवडायला बसले. कित्येक आठवडे पाहुणे आले की सासूबाई स्वतः चहा बाहेर नेत. मग एक दिवस त्यांचे गुडघे धरले आणि मी नेला. पाहुणे चहा पिऊन गेले.

पुढे बाळाचं पाजणं सुटल्यावर मी एकटी अंबाजोगाईला जाऊन आले. तिथे त्याच डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी रात्री लावायचं औषध दिलं, उन्हाचं मलम दिलं. चेहरा बरा व्हायला वर्षापेक्षा जास्त गेलं. शिरा पूर्ण गेल्या नाहीत. तेल मात्र परत आलं, अगदी नववीत होतं तसं. दुपारी चारच्या सुमाराला नाक चमकायला लागतं. मी साधं धुते, टिपते आणि कामाला लागते.

मध्यंतरी एकदा नवरा दुकान बंद करून वर आला, टीव्हीसमोर बसला आणि अचानक म्हणाला, "आता परत चांगली दिसायला लागलीस." तो मनापासून बोलला होता. त्याच्या लेखी मधला काळ आजारपणासारखा होऊन गेला होता. मी त्याला ताट वाढलं. एके काळी हे ऐकण्यासाठी मी काय काय केलं असतं, आणि आता ते दुसऱ्याच कुणाला तरी म्हटल्यासारखं ऐकू आलं. आमचं भांडण नाही. आम्ही एका घरात नीट राहतो. पण दर रविवारी पाठवलेले ते फोटो मी विसरलेले नाही आणि तो त्यांचा विषय कधीच काढत नाही. त्याला आठवत नसतील असंही असेल.

भावाचं लग्न झालं, नितळ चेहऱ्याची मुलगी मिळाली. मी लग्नाला गेले, करवली म्हणून उभी राहिले. आई मंडपात सगळ्यांना सांगत होती, "आमच्या पोरीला बाळंतपणात उष्णता झालती, आता उतरली." मी तिथे तिला खोटं पाडलं नाही. थकवा आला होता.

आईचा अजून आठवड्यातून एकदा फोन येतो. आम्ही पावसाबद्दल, नातीच्या शाळेबद्दल, तिच्या गुडघ्यांबद्दल बोलतो. मागच्या नागपंचमीच्या आधी, बोलणं संपत आलं असताना ती एकाएकी म्हणाली, "मी तुझ्या भल्यासाठीच केलं होतं गं सगळं."

"हो," मी म्हणाले.

तिने तो होकार धरला. तिकडून सुटल्यासारखा श्वास ऐकू आला. मी क्षमा केली असं तिला वाटलं असेल. मी फक्त फोन लांबू नये म्हणून हो म्हणाले होते. ती पुढे विचारत होती, आज भाजी काय केलीस, आणि मी सांगत होते.